दोन सुळे

आमच्या विहीणबाईंच्या बोटात एक अंगठी आहे. लग्नात पाहिली तेव्हा वाटलं, जुना मोती असेल, पिवळट पडलेला. कडेला चहाचा डाग पडल्यासारखी तपकिरी झाक. पाच वर्षांनी कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्सच्या डोंगरात, तंबूतल्या पत्र्याच्या चुलीशी बसलेलो असताना त्यांनी ती काढून माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाल्या, हा दात आहे. एल्कचा.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ; नर सहज तीनशे किलो भरतो. रवंथ करणारं जनावर, वरच्या जबड्याला पुढे दात नाहीत, पण बाजूला हे दोन सुळे मात्र आहेत. पूर्वजांच्या लांब सुळ्यांची उरलेली खूण. इथली माणसं त्यांना हस्तिदंतच म्हणतात.

ऑक्टोबर होता. सगळं कुटुंब दरवर्षी या दिवसांत इथे येतं, मी पहिल्यांदाच. इथे बंदुकीच्या शिकारीला अंगावर निदान ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी रंग हवा, असा कायदा आहे. जावयाने माझ्यासाठी हौसेनं गुलाबी जाकीट आणि टोपी आणली. मी तर बंदुकीला हातही लावणार नव्हते. साठी उलटल्यावर डोंगरात गुलाबी टोपी घालून बसायचं माझ्या नशिबी होतं.

रात्री गोष्टी निघायच्या, आणि त्या बहुतेक व्याह्यांच्या आजोबांच्या. ते लहान असताना कोलोरॅडोतल्याच एस्टेस पार्क या गावाच्या रानात एल्क औषधालाही उरले नव्हते. खाणींच्या गावांना मांस पुरवता पुरवता संपले. उरलेसुरले दातांपायी गेले. १८६८ साली न्यूयॉर्कमध्ये ‘एल्क्स’ नावाची एक बंधुसंघटना निघाली होती. तिच्या सभासदांमध्ये घड्याळाच्या साखळीला हा दात अडकवायची टूम निघाली, तशी किंमत चढली. चोरटे शिकारी जनावर पाडत, दोन दात उपटत आणि एवढं मोठं धूड तिथेच कुजायला टाकून जात. शेवटी १९१३ आणि १९१४ साली गावकऱ्यांनी वनखात्याच्या मदतीनं येलोस्टोनहून ४९ एल्क आणून सोडले. “आजोबांनी आयुष्यातला पहिला एल्क पाहिला तो पाहुणा म्हणून आलेला,” व्याही सांगत. असे कळप आणखीही ठिकाणी आणून सोडले, शिकारीवर बंधनं आली, आणि आज एकट्या कोलोरॅडोत अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत.

व्याह्यांच्या गोष्टी एवढ्या मागे जातात आणि थांबतात. त्याआधी या रानात कोण होतं, हे मीच विचारलं. हा सगळा मुलूख यूट लोकांचा. जवळच्या गावाला मीकर नाव आहे, ते त्यांच्यावर नेमलेल्या सरकारी एजंटाचं. शिकारी माणसांना शेतकरी करायचंच, म्हणून त्यानं त्यांच्या घोड्यांच्या कुरणात नांगर घातला. १८७९ साली भडका उडाला, मीकर मारला गेला आणि दोन वर्षांत इथल्या यूटांना युटाच्या वाळवंटात हाकललं. यावर व्याही काही बोलले नाहीत, चुलीत लाकूड सारलं. विहीणबाई मात्र म्हणाल्या की क्रो जमातीच्या बायकांचे शेकडो एल्कदात शिवलेले झगे त्यांनी संग्रहालयात पाहिलेत. मी मनात हिशेब केला: तीनशे दात म्हणजे दीडशे जनावरं. पण ती खाल्लेली.

मग माझी पाळी आली. आमच्या राजापूरकडच्या घरात आजोबांची ठासणीची बंदूक होती. पारधीला गाव निघायचा, हाकारे रान उठवायचे, डुक्कर पडलं की चावडीपुढे वाटे. बार काढणाऱ्याला मुंडकं आणि एक तंगडी, हाकाऱ्यांना सारखे वाटे, कुत्र्यांचा वेगळा. ज्या घरात कर्ता पुरुष नाही त्या घरी आजोबा स्वतः पानात बांधून नेऊन द्यायचे. सुळा आजीने माझ्या पाळण्याला बांधला होता, म्हणे. १९७२चा कायदा आला आणि बंदूक आढ्याला गेली. आजोबा कुरकुरले, पण रानात उरलं काय होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी जावयाने नर पाडला. चार तुकडे पाठीवर वाहून आणता आणता रात्र झाली. मांस रानात टाकून नुसती शिंगं नेणं इथे आता गुन्हा आहे. कापडी पिशव्यांवर शेजाऱ्यांची नावं पडली. एक पिशवी वरच्या आळीतल्या एकट्या म्हातारीची होती. माझं लक्ष त्या पिशवीकडेच जात होतं.

दोन सुळे विहीणबाईंनी चाकूने सोडवले. एक नातवाला, एक मला. मी म्हटलं, “मुंबईत कस्टमवाल्याला काय सांगू?” तेव्हा माझा लेकीकडेच राहिला, वेलदोड्यांच्या डबीत.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. “आई, अगं परवा खीर करताना यानं तो खलबत्त्यात टाकला होता!”