जमिनीने खाल्लेले मीठ

खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण म्हणतो. जमीन मात्र मिठाला निराळ्याच अर्थाने जागते. ती ते सहसा सोडत नाही. ऐन दिवाळीत, तोंड गोड करण्याच्या दिवशी, मी हा खारट विषय काढतो आहे तो आमच्या माकणीपायी. धाराशिव जिल्ह्यातल्या या गावी तेरणेवर निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण आहे. रान काळे आणि भारी. कालव्याचे पाणी थांबले, तर विहिरीचे मचूळ पाणी रब्बीला द्यावे काय? मला याचे उत्तर इतिहासात सापडते.

आधी हिशेब पाहू. लिटरमागे १ ग्रॅम क्षार असलेल्या पाण्याची १० सेंटिमीटरची एक पाळी एकरभर दिली, तर सुमारे ४ क्विंटल क्षार शेतात पडतात. पाणी उन्हाने उडून जाते. क्षार बहुतेक तिथेच मुक्काम ठोकतात.

तेव्हा सारा दोष खाऱ्या पाण्याचा, असे कोणी म्हणेल. पण नीरेची हकीकत ऐका. १८८५च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला. पाणी गोड होते. बारामतीकडची शेते उसाने हिरवी झाली. परंतु पाणी मुरत राहिले, खाली निचऱ्याला वाट नव्हती. भूजल वर चढले आणि जमिनीच्या पोटातले क्षार वर घेऊन आले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली. कालव्याला तेव्हा उणीपुरी पंचवीस वर्षे झाली होती! प्राचीन सुमेरमध्येही क्षार वाढत गेले तसा गहू मागे पडून सातू पुढे आला, असे मत जेकबसेन आणि ॲडम्स या संशोधकांनी १९५८ साली मांडले.

काळ्या मातीत सोडियम साचला की ती चोपण होते. पाणी आत शिरेनासे होते. जिप्सम सोडियमला हुसकावतो खरा. पण चरच नसेल, तर तो जाणार कुठे?

म्हणून मचूळ पाणी सर्वस्वी वर्ज्य, असे मी म्हणत नाही. करडई, कापूस, सातू ते बरेच सोसतात. घेवडा सोसत नाही. पाणी आणि माती तपासून घ्यावी, मिळेल तेव्हा गोडे पाणी मिसळावे, आणि पावसाने क्षार धुऊन जातील असा चर आधी खणावा. पाणी आणणाऱ्या पाटाइतकाच ते नेणारा चर मोलाचा. नीरेकाठाला हा धडा जमिनी गमावून मिळाला. माकणीला तो नुसता वाचून मिळावा.