उणे सहा कुणाचे?

गेल्या महिन्यात माझा भाचा कॉलेजच्या हॉकी संघातून बाहेर बसला. तो फुलबॅक खेळतो, म्हणजे गोलरक्षकाच्या पुढची शेवटची भिंत. त्यांच्या प्रशिक्षकांनी यंदापासून प्रत्येक खेळाडूचा हिशेब तक्त्यात मांडायला सुरुवात केली आहे. तुम्ही मैदानात असताना आपल्या संघाने गोल केला तर तुमच्या नावापुढे अधिक एक, आपल्यावर गोल झाला तर उणे एक. याला प्लस-मायनस म्हणतात. सहा सामन्यांनंतर भाच्याच्या नावापुढे उणे नऊ आले. तो तक्ता संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला आणि पुढच्या सामन्याच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

"मामू, हे नऊ गोल मी एकट्याने दिले का?" सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर चहा घेताना त्याने मला विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर होतं ते सोबत बसलेल्या चाचांकडे. चाचा आमच्याच इमारतीत राहतात. तरुणपणी ते मुंबईत एका ऑफिसच्या संघाकडून फुलबॅक खेळायचे. आता गुडघे थकलेत, पण जुने सामने तोंडपाठ आहेत. कप खाली ठेवून ते म्हणाले, "याला आधी ब्याऐंशीची फायनल सांगा."

ती फायनल अनेकांना माहीत आहे. १ डिसेंबर १९८२, दिल्ली, आशियाई खेळ. समोर पाकिस्तान. भारत १-७ असा हरला. घरच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर. त्या पराभवाचं सगळं ओझं एका माणसाच्या खांद्यावर टाकलं गेलं, गोलरक्षक मीर रंजन नेगी. नेगींनी पैसे घेतले, सामना विकला, असे आरोप झाले. सिद्ध काहीच झालं नाही, पण त्यांची उमेदीची वर्षं त्यात गेली.

आता प्लस-मायनसच्या नियमाने त्या सामन्याचा हिशेब मांडून बघा. एक गोल केला, सात खाल्ले. म्हणजे जो जो खेळाडू पूर्ण वेळ मैदानात होता, त्या प्रत्येकाच्या नावापुढे उणे सहा. आघाडीच्या खेळाडूच्याही, मधल्या फळीच्याही, फुलबॅकच्याही. तक्ता कुणालाच वेगळं काढत नाही. वेगळं काढलं ते लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी. सगळ्यांचे उणे सहा त्यांनी एकाच्या खात्यावर टाकले.

आणि समोर कोण होतं, हेही कुणी विचारलं नाही. त्याच वर्षी जानेवारीत हॉकीचा विश्वचषक आपल्या मुंबईत, चर्चगेटजवळच्या हॉकी स्टेडियमवर झाला होता. चाचा लोकल पकडून तिथले सामने बघायला जायचे. पाकिस्तानने अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीला ३-१ हरवून तो चषक जिंकला. भारत पाचवा आला. पुढे १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ऑलिंपिक सुवर्णही पाकिस्ताननेच नेलं. म्हणजे दिल्लीतले ते सात गोल जगातल्या त्या काळच्या सर्वोत्तम संघाने केले होते. यामुळे सात गोल कमी होत नाहीत. पण सात हा आकडा वाचताना ही गोष्ट शेजारी ठेवावी लागते.

हा प्लस-मायनसचा हिशेब मुळात आपल्या मैदानी हॉकीचा नाही. तो बर्फावरच्या हॉकीतून आला. कॅनडातल्या माँट्रियल कॅनेडियन्स या संघाने १९५० च्या दशकात आपल्या खेळाडूंसाठी तो खासगीत ठेवायला सुरुवात केली. पुढे उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगने १९६७-६८ च्या हंगामापासून तो अधिकृत केला. त्यामागे खरी अडचण होती. आघाडीच्या खेळाडूचं काम दिसतं, त्याचे गोल मोजता येतात. बचावपटूचं काम म्हणजे गोल न होणं. जे घडलंच नाही ते मोजायचं कसं? तेव्हा निदान एवढं तरी बघू, की हा माणूस बर्फावर असताना आपला संघ पुढे सरकतो की मागे.

बर्फावरच्या हॉकीत हे जमतं, कारण तिथे खेळाडू सतत बदलत राहतात. एक तुकडी मिनिटभर खेळते, की दुसरी उतरते. त्यामुळे एकाच संघातल्या खेळाडूंचे आकडे वेगळे येतात आणि तुलना करता येते. आपल्याकडे वाटेल तितक्या वेळा खेळाडू आत-बाहेर करण्याची मुभा १९९० च्या दशकात आली. त्याआधी जवळपास तेच अकरा जण सत्तर मिनिटं पळायचे. अशा खेळात प्लस-मायनस म्हणजे निव्वळ धावफलक, अकरा वेळा लिहिलेला.

ज्यांनी हा हिशेब सुरू केला त्यांनी त्यात दोन शहाणपणाच्या गोष्टी केल्या. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसला असताना, जादा माणसाच्या बळावर केलेला गोल ते धरत नाहीत, कारण लढत बरोबरीची नसते. दुसरी गोष्ट ऐकून भाचा चमकला. गोलरक्षकाला हा आकडा देतच नाहीत. तो जवळजवळ सगळा वेळ उभाच असतो, मग त्याचा आकडा म्हणजे संघाचाच आकडा. नेगींवर जे लादलं गेलं, ते हा हिशेब शोधणाऱ्यांनी नियमातच टाळलं होतं.

तरीही तिथे हा आकडा फसवतो. १९७४-७५ मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्स हा नवा संघ लीगमध्ये आला. ८० पैकी फक्त ८ सामने जिंकला. त्या संघातला बचावपटू बिल मिकेलसन ५९ सामन्यांत उणे ८२ वर गेला. एका हंगामातला तो लीगच्या इतिहासातला सर्वांत वाईट आकडा आहे. दोनच वर्षांनी, १९७६-७७ मध्ये, माँट्रियल कॅनेडियन्स ८० पैकी फक्त ८ सामने हरले. त्यांचा बचावपटू लॅरी रॉबिन्सन अधिक १२० वर होता. रॉबिन्सन थोर खेळाडू होता, यात वाद नाही. पण दोघांच्या आकड्यांतलं २०२ चं अंतर ही दोन माणसांची तुलना नाही. त्यात एक संघ ८ सामने जिंकणारा आहे आणि दुसरा ८ सामने हरणारा. मिकेलसनला माँट्रियलमध्ये उभं केलं असतं तर त्याचाही आकडा बदलला असता.

आपल्या इतिहासातही हे धडे आहेत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ३८ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. गोलरक्षक होते महूचे शंकर लक्ष्मण, फुलबॅक रणधीरसिंह जेंटल. अधिक ३८! पण हे ३८ उलगडून बघा. अफगाणिस्तानवर १४, अमेरिकेवर १६, सिंगापूरवर ६. छत्तीस इथेच झाले. उपांत्य सामन्यात जर्मनीवर एक आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानवर एक, तोही जेंटल यांचा. बचावाची खरी परीक्षा या शेवटच्या दोन सामन्यांत झाली आणि तिथली कमाई अवघी अधिक दोन. अमेरिकेला सोळा गोलांनी हरवताना मागे उभ्या फुलबॅकने काय केलं, हे तो सोळाचा आकडा सांगत नाही.

लक्ष्मण यांचंच पुढे बघू. १९५६, १९६० आणि १९६४, अशा लागोपाठ तीन ऑलिंपिक अंतिम सामन्यांत ते गोलात होते. तिन्ही वेळा समोर पाकिस्तान. १-०, ०-१, १-०. तीन सामने मिळून भारताचे दोन गोल, पाकिस्तानचा एक. बेरीज अधिक एक. इतका छोटा आकडा, पण तीन अंतिम सामन्यांत एकच गोल खाणं याहून मोठं काम गोलरक्षकाचं काय असू शकतं?

१९७५ च्या क्वालालंपूर विश्वचषकाची गोष्ट चाचांची आवडती. उपांत्य सामन्यात भारत यजमान मलेशियाविरुद्ध १-२ ने मागे. शेवटची काही मिनिटं उरलेली. फुलबॅक मायकेल किंडोच्या जागी भोपाळच्या अस्लम शेर खानला उतरवलं. पेनल्टी कॉर्नर मिळाला, अस्लमने गळ्यातल्या ताविजाला ओठ लावले आणि बरोबरीचा गोल मारला. जादा वेळेत हरचरणसिंगने विजयी गोल केला आणि पुढे अंतिम सामन्यात पाकिस्तानला २-१ हरवून भारत विश्वविजेता झाला. त्या उपांत्य सामन्याचा तक्ता केला तर अस्लमच्या नावापुढे अधिक दोन, किंडोच्या नावापुढे उणे एक. अस्लमचा गोल इतिहासात गेला, जायलाच हवा. पण जो माणूस तासभर मलेशियाचे हल्ले झेलत राहिला, त्याला या तक्त्यात काय मिळालं?

आणि काही हिशेब तर कुठल्याच तक्त्यात बसत नाहीत. अख्तर हुसेन हेही भोपाळचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी भारताकडून सुवर्ण मिळवलं. आठ वर्षांनी मेलबर्नला ते पाकिस्तानच्या संघात होते आणि त्यांच्या वाट्याला रौप्य आलं. त्यांचं अधिक कुठल्या खात्यात लिहायचं?

२००७ मध्ये 'चक दे! इंडिया' आला. त्यातला कबीर खान पाकिस्तानविरुद्ध पेनल्टी स्ट्रोक चुकतो आणि त्याच्या निष्ठेवरच बोट ठेवलं जातं. नेगींच्या आयुष्याशी या कथेचं नातं जोडलं जातं. चित्रपटातल्या खेळाडूंना हॉकी शिकवायला खुद्द नेगीच होते. पडद्यावर नायक मुसलमान आहे. प्रत्यक्षात ज्यांना गद्दार म्हटलं ते नेगी हिंदू होते आणि त्या संघाचे कर्णधार होते जफर इक्बाल. म्हणजे संशयाला धर्म लागतोच असं नाही. मात्र एका चुकीवरून माणसाची निष्ठा वजा करायची ही रीत आपल्याला घरची वाटते, म्हणून तो चित्रपट बघताना आपल्यातल्या अनेकांचा गळा दाटून आला. पराभवात प्रत्येकाचा वाटा असतो. एकाला वेगळं काढलं की बाकीच्यांची सुटका होते.

मग प्लस-मायनस टाकून द्यायचं का? चाचांचं मत तसं नाही. ते म्हणतात, फुलबॅकने आपल्यावर झालेले गोल मोजलेच पाहिजेत, नाहीतर तो स्वतःला फसवतो. एकाच संघात, बऱ्याच सामन्यांत, एखादा आत आल्यावर सतत गोल होत असतील आणि तो बाहेर गेल्यावर थांबत असतील, तर तिथे काहीतरी आहे. पण काय आहे, हे आकडा सांगणार नाही. ते बघावं लागेल.

म्हणून त्यांनी भाच्याला कामाला लावलं. मित्रांनी मोबाइलवर काढलेले सहा सामन्यांचे व्हिडिओ घेऊन तो दोन रविवार चाचांच्या घरी बसला. त्याच्या उपस्थितीत संघाने ५ गोल केले होते आणि १४ खाल्ले होते. चौदाही गोल थांबवून थांबवून पाहिले. चार पेनल्टी कॉर्नरवर झाले होते. तीन शेवटच्या मिनिटांतले, आपला गोलरक्षक काढून जादा खेळाडू उतरवल्यावरचे, म्हणजे मागे रिकामा गोल. चार वेळा चेंडू मधल्या फळीत गमावला गेला आणि दोन प्रतिस्पर्धी एकट्या फुलबॅकवर चालून आले. उरलेले तीन गोल निखालस त्याचे होते. ज्याला पकडून ठेवायचं, त्याला त्याने सोडलं होतं. शिवाय संघ मागे असला की प्रशिक्षक त्यालाच शेवटच्या पंधरा मिनिटांत उतरवायचे, तेही समोरच्या संघाच्या सर्वांत वेगवान खेळाडूवर. म्हणजे ज्याच्यावर भरवसा जास्त, त्याच्याच वाट्याला उणे जास्त.

भाच्याने ती यादी वहीत लिहून प्रशिक्षकांना दिली. आपले तीन गोल त्याने सगळ्यांत वर लिहिले होते. ती सूचना चाचांची. पुढच्या सामन्यातही त्याला घेतलं नाही. पण तक्त्यात आता एक रकाना वाढला आहे, गोल कसा झाला.

नेगी पुढे प्रशिक्षक झाले. १९९८ च्या बँकॉक आशियाई खेळांत भारताने ३२ वर्षांनी हॉकीचं सुवर्ण जिंकलं. कर्णधार होता आपल्या पुण्याजवळच्या खडकीचा धनराज पिल्ले आणि गोलरक्षकांना शिकवायला होते नेगी. २००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल खेळांत महिलांनी सुवर्ण जिंकलं, तेव्हाही ते त्या संघासोबत होते. हे अधिक त्यांच्या खात्यात किती जणांनी लिहिलं, ते तुम्हीच बघा. १-७ मात्र सगळ्यांना पाठ आहे.