शब्दवेध : व्यभिचारी

‘व्यभिचारी’ म्हटलं की आज कपाळाला आठी पडते. शब्द मुळात निर्मळ. वि, अभि आणि चर्: रसाच्या दिशेने नाना परींनी फिरणारा. नाट्यशास्त्रात असे ३३ भाव आहेत. त्यांचंच दुसरं नाव संचारी.

हे दुसरं नाव नाचात टिकलं. तंजावरचे राजे सरफोजी दुसरे यांनी नृत्यासाठी मराठीत निरूपणं रचली. त्यांच्याच दरबारात पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम, वडिवेलू या भावंडांनी भरतनाट्यमला आजची मांडणी दिली. त्या नाचात ‘संचारी’ अजून रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. गायक एकच ओळ घोळवतो. नर्तकी दाराकडे पाहते, भुवई चढते, मग नजर पायाच्या अंगठ्यावर उतरते. औत्सुक्य, असूया, व्रीडा. ओळ तीच, आणि तळाशी रती, म्हणजे प्रेमाचा स्थायी भाव, तीही तीच.