एमएक्स: नाव न सांगता लढलेला कामगार

आजच्या गोष्टीतल्या माणसाचं नाव मी सांगणार नाही. कोर्टाच्या कागदांवरही तो फक्त 'एमएक्स' आहे आणि त्याची कंपनी 'झेडवाय'. आपला मेडिकल रिपोर्ट कोणाच्या हातात पडावा आणि त्याचं त्यांनी काय करावं, हा प्रश्न या माणसानं मुंबई हायकोर्टात नेला.

तो एका सरकारी कंपनीत रोजंदारीवर होता. कायम करण्याआधी तपासणी झाली, त्यात एचआयव्ही निघाला. बाकी तब्येत ठीक, कामाला फिट. तरी त्याचं काम गेलं. आता कोर्टात जायचं तर अर्जावर नाव लिहावं लागणार. आणि नाव लिहिलं की सगळ्या जगाला कळणार! तेव्हा एचआयव्ही म्हटलं की लोक शेजारी बसायला घाबरायचे. म्हणजे न्याय मागायचा तर जे लपवायचंय तेच आधी उघड करायचं. कोर्टानं त्याला टोपणनावानं लढू दिलं. मला विचाराल तर खरी मोठी गोष्ट हीच. 1997 मध्ये निकाल लागला: माणूस काम करू शकतो, इतरांना धोका नाही, मग नुसत्या एचआयव्हीवरून काढता येणार नाही. त्याला परत घ्या, वर 40,000 रुपये द्या.

पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टात उलटा प्रसंग आला. 'मिस्टर एक्स'नं रक्त दिलं, रिपोर्टची बातमी हॉस्पिटलमधून बाहेर गेली, ठरलेलं लग्न मोडलं. कोर्ट म्हणालं, गोपनीयता हवी, पण होणाऱ्या बायकोच्या जिवापेक्षा मोठी नाही. हे पटतं. पण अशा रुग्णाला लग्नाचा हक्कच नाही, असंही कोर्ट बोलून गेलं. तेवढ्या भागाची गरज नव्हती, हे 2002 मध्ये कोर्टानंच मान्य केलं.

मग सांगायचं कोणी, कसं? उत्तर आलं 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात, जो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. डॉक्टर जोडीदाराला सांगू शकतात, पण आधी रुग्णालाच समजावायचं. तो सांगणार नाही अशी खात्री पटली, तर 'आता मी सांगतोय' हे त्याला कळवायचं आणि मगच जोडीदाराला समोर बसवून बोलायचं. अशी माहिती ठेवणाऱ्या संस्थांनी ती सुरक्षित ठेवायची, हेही त्यात आहे. आणि टोपणनावानं खटला? एमएक्सला ते कोर्टाकडून मागून घ्यावं लागलं होतं. आता त्यासाठी कायद्यात वेगळं कलम आहे, 34 नंबरचं.