अमेरिकेत शेजारच्या काउंटीतल्या दवाखान्यात जाणं इतकं अवघड का होऊन बसतं?

समजा, अमेरिकेतल्या एका खेड्यात एक आजी राहतात. वय ७८. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केलीय, मुलं लांबच्या शहरात. किडनी निकामी झाल्यामुळे आठवड्यातून ३ वेळा डायलिसिस करावं लागतं. सेंटर ४० किलोमीटरवर आहे, पण ते पडतं शेजारच्या काउंटीत. आणि आजींच्या काउंटीची व्हॅन हद्दीपलीकडे जात नाही.

त्याच सकाळी त्याच रस्त्यावरून आणखी दोन व्हॅन जातात. एक माजी सैनिकांना हॉस्पिटलला नेणारी, दुसरी दिव्यांगांच्या केंद्राची. दोन्हींत सीटा रिकाम्या. पण आजी माजी सैनिक नाहीत, आणि त्या केंद्राच्या लाभार्थीही नाहीत.

आजी काल्पनिक आहेत, अडचण मात्र खरी आहे.

काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग. अमेरिकेत अशा ३ हजारांहून जास्त काउंट्या आहेत. आपली एसटी जिल्ह्याची हद्द कधी ओलांडते हे प्रवाशाला कळतही नाही, कारण महामंडळ अख्ख्या राज्याचं आहे. तिकडे ग्रामीण भागातली सेवा अनेक ठिकाणी काउंटी किंवा एखादी स्थानिक संस्था चालवते. त्यात स्थानिक कराचा पैसा असतो. मग ‘आमच्या पैशाची गाडी शेजाऱ्यांकडे का फिरवायची?’ हा प्रश्न येतोच.

पण हद्दीपेक्षा मोठी भानगड पैशाची आहे.

गरिबांसाठीची मेडिकेड योजना आपल्या रुग्णांच्या दवाखान्याच्या फेऱ्यांचे पैसे देते. ज्येष्ठांसाठी वेगळा निधी, माजी सैनिकांसाठी वेगळा, ग्रामीण बससेवेसाठी आणखी वेगळा. अमेरिकी संसदेसाठी सरकारी खर्च तपासणाऱ्या ‘गाओ’ या संस्थेने २०१२ मध्ये मोजदाद केली, तेव्हा अशा प्रवासावर पैसा खर्च करू शकणारे ८० केंद्रीय कार्यक्रम निघाले. ८ वेगवेगळ्या खात्यांचे!

आता एका व्हॅनमध्ये तीन योजनांचे तीन प्रवासी बसवले, तर डिझेलचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा? किलोमीटरवर वाटायचा की माणशी? विमा कोणाचा? ड्रायव्हरची तपासणी कोणाच्या नियमाने? प्रत्येक खात्याला हिशेब वेगळ्या नमुन्यात हवा असतो. एवढं करण्यापेक्षा तीन अर्ध्या रिकाम्या गाड्या पळवणं सोपं वाटतं. यात कुणी भ्रष्ट किंवा आळशी असायची गरज नाही, हेच जास्त त्रासदायक आहे.

तुम्ही म्हणाल, तिकडे दिव्यांगांसाठी कडक कायदा आहे ना? आहे, १९९० चा. ज्यांना नेहमीची बस वापरता येत नाही, त्यांच्यासाठी बससेवेने वेगळी गाडी द्यायचीच, असं तो सांगतो. पण ही सक्ती ठरलेल्या बसमार्गाच्या पाऊण मैलापर्यंतच, म्हणजे साधारण १.२ किलोमीटर. जिथे बसमार्गच नाही, त्या खेड्याला याचा काय उपयोग?

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी खात्यांनी एकमेकांशी समन्वय ठेवावा असा आदेश काढला. २००५ च्या कायद्याने तर ज्येष्ठ आणि दिव्यांगांच्या वाहतुकीचा केंद्रीय निधी हवा असेल, तर स्थानिक पातळीवर सगळ्यांनी बसून एक सामाईक आराखडा करायचा, अशी अट घातली. आराखडे झाले. पण कागदावर एकत्र येणं आणि गाडीत एकत्र बसवणं यात बरंच अंतर आहे.

आयोवा राज्याने हे फार आधी ओळखलं होतं. तिथे १९७६ मध्येच कायदा झाला: सार्वजनिक पैशातून प्रवासी नेणाऱ्यांनी आपलं काम एकमेकांशी जुळवून घ्यायचं. शहरांच्या स्वतंत्र बससेवा सोडल्या, तर राज्यातल्या ९९ काउंट्या १६ विभागीय सेवांमध्ये वाटल्या आहेत. डेस मॉइन्स शहराच्या आजूबाजूच्या ७ काउंट्यांसाठी एकच सेवा आहे. त्या ७ काउंट्यांत प्रवासी कोणत्या काउंटीचा, यावर गाडी अडत नाही.

जिथे असं एकत्रीकरण जमत नाही, तिथे मधले मार्ग निघतात. दोन सेवा हद्दीवर प्रवासी बदलतात. नकाशावर हे छान दिसतं, पण ४ तास डायलिसिस करून थकलेल्या माणसाने रस्त्याकडेच्या पेट्रोल पंपावर दुसऱ्या व्हॅनची वाट बघणं म्हणजे शिक्षाच. त्यापेक्षा ठरलेल्या वारी मोठ्या शहराला गाडी सोडायची आणि हॉस्पिटलला त्याच वारच्या अपॉइंटमेंट द्यायला सांगायचं, हे बरं. डायलिसिसला मात्र हेही पुरत नाही, तिथे आठवड्याला ३ फेऱ्या लागतातच.

काही भागांत ‘मोबिलिटी मॅनेजर’ नेमतात. हा माणूस स्वतः गाडी चालवत नाही. कोणाची गाडी कुठे जातेय आणि कोणाला त्यात बसवता येईल, हे तो जुळवतो. या कामाच्या खर्चाचा ८० टक्क्यांपर्यंत भाग केंद्रीय वाहतूक निधीतून मिळू शकतो.

अमेरिकेत तुमच्या ओळखीत कुणा वयस्कर माणसाला अशी गाडी लागत असेल, तर बहुतेक भागांत २११ या नंबरवर स्थानिक सेवांची माहिती मिळते. फोन केलात तर काउंटीबाहेर नेतात का आणि परतीची गाडी कशी मिळते, हे दोन्ही आधीच विचारून घ्या.