फ्रीज, खारा वारा आणि वीतभर तार

गेल्या आठवड्यात अमेरिकेहून आतेभावाचा फोन आला. सुट्टीत भटकायला घेतलेल्या त्याच्या मोटारघरातला फ्रीज गॅसवर छान चालतो, पण बॅटरीवर लावला की दूध नासतं. "बॅटरी तर नवीकोरी आहे रे," म्हणाला. मला हसू आलं. हे रामायण आमच्या रत्नागिरीच्या घरात होऊन गेलंय.

त्याच्या फ्रीजचं घराणं मात्र वेगळं. 1922 साली स्टॉकहोममध्ये बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी कॉम्प्रेसर नसलेला फ्रीज शोधला. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. एका टोकाला उष्णता द्यायची, दुसऱ्या टोकाला गारवा मिळतो! 1925 पासून इलेक्ट्रोलक्सने तो विकला. वीज नसलेल्या मुलखात असे फ्रीज रॉकेलच्या ज्योतीवर चालत. मोटारघरांत ज्योतीच्या जोडीला विजेची कॉइल आली, एवढंच.

आमचा फ्रीज साधा, कॉम्प्रेसरवाला. एका पावसाळ्यात तो नुसता घुं करायचा आणि खट्कन बंद पडायचा. आत बाबांचं इन्सुलिन, 2 ते 8 अंशांत ठेवायचं. मेकॅनिकने कॉम्प्रेसर बदलायला लावला. पैसे गेले, दुखणं तसंच. आठ दिवस बाबा छत्री घेऊन सकाळ-संध्याकाळ शेजाऱ्यांकडे इंजेक्शन घ्यायला जात होते. कुरकुर नाही, काही नाही.

शेवटी ओळखीचे वायरमनकाका आले. त्यांनी फ्रीजला हातच लावला नाही. प्लगमध्ये मीटर धरला: 220. "आता फ्रीज लावा." आकडा थेट 160 वर! मेनस्विच पाडून त्यांनी न्यूट्रलचा जोड उघडला. खाऱ्या हवेने तांबं हिरवंगार झालेलं. तार घासली, स्क्रू आवळला, पंधरा मिनिटांत काम झालं.

आमच्याच जिल्ह्यात पोफळीला कोयनेचं वीजघर 1962 साली सुरू झालं. तिथून घाट-डोंगर ओलांडून वीज आमच्या दारापर्यंत आली होती. अडली होती ती शेवटच्या वीतभर तारेत.

भावाला हेच सांगितलं. 12 व्होल्टवर 120 वॉटची कॉइल 10 अँपिअर ओढते. वाटेत 2 व्होल्ट जरी गळाले, तरी उष्णता जवळजवळ 30 टक्के घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते. "बॅटरीपाशी मोजू नकोस. फ्रीज चालू ठेव आणि फ्रीजपाशी मोज."

दुसऱ्या दिवशी त्याचा फोटो आला: गंजलेला अर्थिंगचा स्क्रू.

बाबा असते तर त्यांना दाखवला असता. आता आमच्या फ्रीजमध्ये इन्सुलिन नसतं. तरी पावसाळ्यात रात्री पाणी प्यायला उठलो, की अजून फ्रीजला हात लावून बघतो, चालू आहे ना.