मूत्रपिंड रोहिणी स्टेंटरोपण, सोनोग्राफीच्या साहाय्याने

अरुंद झालेल्या मूत्रपिंड रोहिणीत स्टेंट, म्हणजे धातूची जाळीदार नळी, बसवताना श्राव्यातीत ध्वनीने मिळणाऱ्या प्रतिमांचा आधार घेण्याची पद्धती. तीत निदान व पाठपुरावा यांसाठी शरीराबाहेरून केलेली डॉपलर तपासणी आणि प्रत्यक्ष उपचाराच्या वेळी रोहिणीच्या आतून केलेली सोनोग्राफी, असे दोन प्रकार उपयोगात येतात. दुसऱ्या प्रकारास डॉक्टर ‘आयव्हस’ म्हणतात.

विकार व परिणाम : उतारवयात रोहिणीच्या भिंतीत मेद व कॅल्शियम साचणे हे अरुंदपणाचे प्रमुख कारण होय. तरुण व मध्यमवयीन स्त्रियांत फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेझिया, तर भारतासह आशियात तरुण रुग्णांत टाकायासू रोहिणीशोथ हेही कारण आढळते. रक्तपुरवठा घटला की मूत्रपिंड रेनिन स्रवते आणि त्यातून रक्तदाब चढतो. हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्ये कुत्र्यांच्या मूत्रपिंड रोहिण्या चिमट्याने आवळून हा संबंध प्रयोगाने दाखवला. अरुंद मूत्रपिंड रोहिणी फुग्याने रुंदावण्याचा उपचार आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला.

निदान : अरुंद जागेतून रक्त वेगाने जाते. डॉपलर तपासणीत हा वेग सेकंदाला सुमारे २०० सेंमी.पेक्षा अधिक, किंवा महारोहिणीतील वेगाच्या साडेतीन पटींहून जास्त आढळल्यास लक्षणीय अरुंदपणाची शंका येते. स्थूलपणा व आतड्यांतील वायू यांमुळे मात्र चित्र अस्पष्ट होऊ शकते.

कार्यपद्धती : जांघेतील किंवा मनगटाजवळील रोहिणीतून कॅथेटर नेऊन बारीक तार अरुंद भागापलीकडे सरकवतात. त्या तारेवरून, टोकाशी ध्वनिसंवेदक असलेला दुसरा कॅथेटर आत जातो व तो मागे ओढताना वाहिनीचे वर्तुळाकार छेद पडद्यावर उमटतात. अँजिओग्राफीत केवळ रक्ताने भरलेल्या पोकळीची बाह्याकृती दिसते. येथे भिंतीचे थर व साचलेला पदार्थही दिसतो. कॅल्शियम चमकदार दिसते आणि त्यामागे काळी सावली पडते. जवळच्या निरोगी भागाचा व्यास मोजून स्टेंटचे माप ठरवतात. ते प्रौढांत बहुधा ५ ते ७ मिमी. असते. माप लहान पडल्यास स्टेंट भिंतीला चिकटत नाही, मोठे पडल्यास रोहिणी फाटण्याचा धोका असतो. अरुंदपणा रोहिणीच्या मुखाशी असल्यास स्टेंटची कड महारोहिणीत १–२ मिमी. पुढे ठेवतात, म्हणून मुखाची नेमकी जागा कळणे महत्त्वाचे ठरते. शेवटी पुन्हा प्रतिमा घेऊन स्टेंट पूर्ण फुलला आहे का, कडेला भिंत चिरली आहे का, हे तपासतात.

फायदा : अँजिओग्राफीत वापरले जाणारे आयोडीनयुक्त रंगद्रव्य दुर्बल मूत्रपिंडांना अपायकारक ठरू शकते. बरीचशी मोजमापे ध्वनिप्रतिमेवरून झाल्यास या द्रव्याची मात्रा कमी करता येते. गरजेनुसार जोडीला कार्बन डायऑक्साइड वायूने अँजिओग्राफी करतात.

मर्यादा : कॅथेटर महाग असतो व उपचाराचा वेळ वाढतो. शिवाय ही प्रतिमा रोहिणीची रचना दाखवते. त्या अरुंदपणामुळेच रक्तदाब वाढला आहे का, हे सांगत नाही. त्यासाठी अरुंद जागेच्या अलीकडील व पलीकडील दाबातला फरक मोजावा लागतो. ॲस्ट्रल (२००९) व कोरल (२०१४) या मोठ्या चाचण्यांत, औषधोपचाराला स्टेंटची जोड दिल्याने बहुसंख्य रुग्णांना स्पष्ट जादा लाभ झाला नाही. त्यामुळे फुप्फुसांत एकाएकी वारंवार पाणी भरणे, अनेक औषधांनीही रक्तदाब आटोक्यात न येणे, दोन्ही रोहिण्या किंवा एकमेव मूत्रपिंडाची रोहिणी अरुंद असून कार्य झपाट्याने ढासळणे, अशा निवडक रुग्णांतच स्टेंटचा विचार होतो. फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेझियात बहुधा केवळ फुग्याने रुंदावणे पुरते, तर टाकायासू विकारात शक्यतो आधी दाह शमवून मग उपचार करतात.